इंधन अंतःक्षेपण, जुन्या मोटारगाड्यांतील

मूळ कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल एंजिनाचा कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी विजेने उघडणारे अंतःक्षेपक, एंजिनाची अवस्था मोजणारे संवेदक आणि त्या मोजमापांवरून पेट्रोलाची मात्रा ठरविणारा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक बसविणे, यास एंजिनाचे इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपणात रूपांतर म्हणतात. कारखान्याबाहेर, घरच्या कर्मशाळेत असे रूपांतर करण्याची प्रथा १९८० नंतर अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि २००१ नंतर ती वेगाने पसरली. वरवर पाहता हा हौशी यंत्रज्ञांचा छंद आहे. परंतु एंजिनाविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाशी त्याचा इतिहास जोडलेला आहे.

कार्ब्युरेटर : व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर तयार केला. हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी त्याच वर्षी अशाच रचनेचे एकस्व मिळविले. नळीच्या अरुंद भागातून हवा वेगाने गेली म्हणजे तेथील दाब कमी होतो व जवळच्या टाकीतील पेट्रोल सूक्ष्म छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते, हे त्याचे तत्त्व. या साधनाला कमी लेखणे योग्य नाही. वीज न वापरता, एका तरंगत्या गोळ्याच्या व काही पितळी छिद्रांच्या साहाय्याने ते हवेच्या प्रवाहाचे अखंड मापन करते, आणि शंभर वर्षे बहुतेक मोटारगाड्या त्यावर चालल्या. तथापि ते हवेचे वस्तुमान मोजत नाही. त्यामुळे उंच घाटमाथ्यावर विरळ हवेत मिश्रणात पेट्रोल अधिक होते, थंड एंजिन सुरू करण्यासाठी वेगळी योजना करावी लागते आणि एकाच कार्ब्युरेटरवर अनेक सिलिंडर असल्यास सर्वांना सारखे मिश्रण मिळत नाही.

कार्ब्युरेटरचा आणखी एक दोष १९४० मध्ये आकाशात उघड झाला. ब्रिटिश स्पिटफायर विमानातील मर्लिन एंजिनाला कार्ब्युरेटर होता, तर जर्मन मेसरश्मिट १०९ विमानातील डाइमलर-बेंझ ६०१ एंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात सोडले जाई. वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले की कार्ब्युरेटरच्या टाकीतील पेट्रोल वर उसळे आणि मर्लिन एंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन विमान नेमकी हीच हालचाल करून निसटत असे. फार्नबरो येथील संशोधन संस्थेतील अभियंता बीट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये पेट्रोलाचा प्रवाह मर्यादित करणारी मध्यभागी छिद्र असलेली एक लहानशी चकती तयार करून या अडचणीवर तात्पुरता उपाय काढला. मात्र ब्रिटिश अभियंत्यांनी कार्ब्युरेटर केवळ जुन्या सवयीने ठेवलेला नव्हता. पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने आत येणारी हवा थंड होऊन शक्ती वाढते, असा त्यांचा युक्तिवाद होता व तो बिनबुडाचा नव्हता.

इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपणाचा उगम : युद्धानंतर पेट्रोल अंतःक्षेपण मोटारगाडीत आले ते यांत्रिक पंपाच्या रूपाने. गुटब्रोट व गोलियाथ या लहान जर्मन गाड्या, १९५४ ची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल आणि १९५७ ची अमेरिकन शेव्हरोले ही त्याची उदाहरणे. हे पंप महाग होते. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने पंपाऐवजी विजेने उघडणारी झडप योजून ती किती काळ उघडी ठेवावयाची हे इलेक्ट्रॉनीय मंडलावर सोपविले. ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची ही योजना १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या काही गाड्यांवर बसविण्यात आली. कल्पना अचूक होती, पण तत्कालीन घटक एंजिनाजवळची उष्णता व दमटपणा सोसू शकले नाहीत. अवघ्या सुमारे तीन डझन गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांपैकी बहुतेकांवर पुढे कार्ब्युरेटरच बसवून देण्यात आले. म्हणजे या क्षेत्रातील पहिले रूपांतर उलट्या दिशेचे होते.

बेंडिक्सच्या एकस्वांच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने ‘डी-जेट्रॉनिक’ ही योजना विकसित केली व १९६७ मध्ये ती अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० गाडीवर आली. नावातील ‘डी’ हे अक्षर दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. शोषण नळातील दाब, हवेचे व एंजिनाचे तापमान आणि फेऱ्यांची गती यांवरून नियंत्रक झडप उघडी ठेवण्याचा काळ ठरवी. या गणिताची कल्पना एका उदाहरणाने येईल. १,५८४ घ. सेंमी. क्षमतेच्या चार सिलिंडरी एंजिनात प्रत्येक सिलिंडर ३९६ घ. सेंमी.चा असतो. तो ऐंशी टक्के भरला तर सुमारे ३८० मिग्रॅ. हवा आत येते. पूर्ण ज्वलनास हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४·७ : १ लागते, म्हणून त्या एका धावेला २६ मिग्रॅ. पेट्रोल हवे. मिनिटाला १५० ग्रॅ. पेट्रोल सोडणारी झडप त्यासाठी सुमारे एक शतांश सेकंद उघडी राहिली पाहिजे, आणि मिनिटाला ३,००० फेरे असताना हे प्रत्येक सिलिंडरासाठी सेकंदाला २५ वेळा घडले पाहिजे.

हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजणाऱ्या योजना पाठोपाठ आल्या. तथापि कार्ब्युरेटरची गच्छंती झाली ती एंजिनाच्या शक्तीसाठी नव्हे, तर कायद्यामुळे. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमाने धुरातील विषारी वायूंवर कडक मर्यादा घातली. तिन्ही प्रमुख प्रदूषके एकाच वेळी कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक मिश्रण अगदी नेमके असेल तरच काम करतो, आणि तेवढी नेमकी मात्रा साध्या कार्ब्युरेटरला सांभाळता येत नाही. व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये निष्कास नळात ऑक्सिजन संवेदक बसविला. त्यामुळे नियंत्रकाला आपण दिलेली मात्रा बरोबर होती की नाही हे कळू लागले. १९७९ मध्ये बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ योजनेत ठिणगीची वेळ व पेट्रोलाची मात्रा एकाच अंकीय संगणकाकडे आली. १९९० नंतरच्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांतील नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. भारतात मारुती ८०० वर बहुबिंदू अंतःक्षेपण २००० च्या सुमारास आले.

ज्ञानाची कोंडी व तिचा भेद : कार्ब्युरेटरचे छिद्र बदलणे, तारेने साफ करणे, स्क्रू अर्धा फेरा फिरवून मिश्रण जमविणे ही कामे रस्त्याकडेचा कारागीरही करू शके. अंतःक्षेपणात हीच माहिती स्मृतिचकतीतील आकड्यांच्या कोष्टकात गेली आणि ते कोष्टक कारखान्याबाहेर कोणास वाचता येईना. पहिल्या हौशी रूपांतरकारांनी म्हणून मोडीत निघालेल्या गाड्यांची संपूर्ण सामग्री उचलली. जनरल मोटर्स कंपनीने १९८२ पासून वापरलेली एक-दोन अंतःक्षेपकांची योजना कार्ब्युरेटरच्याच जागी बसत असल्याने विशेष लोकप्रिय झाली. परंतु दुसऱ्या एंजिनाचे कोष्टक आपल्या एंजिनाला चपखल बसत नाही. काहींनी स्मृतिचकतीतील आकडे वाचून कोणता आकडा कशासाठी आहे हे महिनोन्‌महिने प्रयोग करून शोधून काढले. ऑस्ट्रेलियातील हॅलटेकसारख्या कंपन्यांनी वापरणाऱ्याला स्वतः आकडे भरता येतील असे नियंत्रक विकण्यास प्रारंभ केला, पण त्यांची किंमत शर्यतीच्या गाडीलाच परवडणारी होती.

ही कोंडी २००१ मध्ये फुटली. ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो या अमेरिकन गृहस्थांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाच्या नियंत्रकाचा आराखडा प्रसिद्ध केला. सुटे घटक विकत घेऊन ते डाग देऊन जोडण्याचे काम गाडीच्या मालकाने स्वतःच करावयाचे होते. आठ-अंकी सूक्ष्मप्रक्रियक, शोषण नळातील दाबाचा संवेदक आणि आठ ओळी व आठ स्तंभांचे चौसष्ट घरांचे कोष्टक एवढाच त्याचा पसारा. प्रत्येक घरात त्या गतीला व त्या दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो हा आकडा असतो. हे आकडे चुकीचे असले तरी ते दिसतात व बदलता येतात, यातच या यंत्राचे महत्त्व आहे.

प्रत्यक्ष काम : रूपांतरात अंतःक्षेपक बसविणे हा तुलनेने सोपा भाग होय. भुजादंडावर एक दात गाळलेले दंतचक्र बसवून नियंत्रकाला दंडाची स्थिती कळवावी लागते. पाण्याचे व हवेचे तापमान, थ्रॉटल झडपेची स्थिती आणि निष्कास वायूंतील ऑक्सिजन यांसाठी निरनिराळे संवेदक लागतात. जुन्या गाडीचे जनित्र नव्या पंपाचा व मंडलाचा भार पेलेलच असे नाही. पण सर्वांत गंभीर बाब इंधनाच्या दाबाची. यांत्रिक पंप कार्ब्युरेटरला दर चौ. सेंमी.ला सुमारे ०·२ ते ०·३ किग्रॅ. दाबाने पेट्रोल देतो. अंतःक्षेपणात हा दाब सुमारे ३ किग्रॅ. असतो. जुनी रबरी नळी त्या दाबाला फुटली तर तप्त एंजिनावर पेट्रोलाचा फवारा उडतो. म्हणून उच्च दाबाच्या नळ्या, टाकीकडे परतणारा मार्ग आणि एंजिन थांबताच किंवा अपघाताचा धक्का बसताच पंप बंद करणारी योजना यांत काटकसर करणे धोक्याचे आहे. आकडे जमविताना मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर भाराखाली दट्ट्या वितळण्यापर्यंत मजल जाते. यास्तव प्रारंभी पेट्रोल अधिकच ठेवून मग ते कमी करीत आणतात.

काही एंजिने मुळातच अंतःक्षेपणाला प्रतिकूल असतात. ब्रिटिश ‘ए’ मालिकेचे एंजिन हे याचे बोलके उदाहरण. ते १९५१ मध्ये ऑस्टिन ए ३० गाडीत आले, पुढे मॉरिस मायनर व मिनी या गाड्यांत बसले आणि २००० सालापर्यंत तयार होत होते. त्यात चार सिलिंडरांना शोषणद्वारे दोनच आहेत : एक पहिल्या-दुसऱ्यासाठी, दुसरे तिसऱ्या-चौथ्यासाठी. प्रज्वलनक्रम १-३-४-२ असल्याने दुसऱ्या सिलिंडरानंतर लगेच पहिला हवा ओढतो व मग त्या द्वाराला दीर्घ विसावा मिळतो. विसाव्यात साठलेले पेट्रोल आधी उघडणारा आतला सिलिंडर गिळतो. नंतर ओढणाऱ्या बाहेरच्या सिलिंडराला गतिमान झालेली हवा अधिक व पेट्रोल कमी मिळते. कार्ब्युरेटरचे मिश्रण आधीच तयार होऊन येत असल्याने त्यात हा पंक्तिप्रपंच एवढा जाणवत नाही. कारखान्याने १९९१ मध्ये मिनीला एकबिंदू व १९९६ मध्ये द्विबिंदू अंतःक्षेपण दिले. हौशी मंडळींनी प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याचे पेट्रोल नेमक्या क्षणी सोडणारी प्रणाली नियंत्रकात लिहून हा प्रश्न सोडविला. गती वाढत जाते तसा तो क्षण अधिकाधिक अरुंद होतो, हे यातील खरे कठीण गणित.

अस्सलपणा व कायदा : जुन्या गाडीचे मूल्य तिच्या मूळ स्वरूपात असते, असे मानणाऱ्यांचा या रूपांतरास विरोध आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेत मूळ द्रव्याचे जतन आणि केलेल्या बदलांची नोंद यांवर भर आहे. बहुतेक विचारी रूपांतरकार म्हणूनच मूळ भागांना छिद्रे न पाडता काम करतात आणि काढलेला कार्ब्युरेटर जपून ठेवतात. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. तसेच २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर त्याच्या सांगाड्यात किंवा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकाला त्यामुळे दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

त्यात इंधनानेही भर घातली आहे. वीस टक्के एथॅनॉल असलेले पेट्रोल भारतात २०२३ पासून विकले जाऊ लागले. त्याच्या पूर्ण ज्वलनास हवेचे प्रमाण १४·७ ऐवजी सुमारे १३·५ लागते. म्हणजे जुन्या छिद्रातून तेवढेच इंधन आले तर मिश्रण विरळ होते. नियंत्रकात हा बदल कोष्टकातील आकडे वाढवून काही मिनिटांत करता येतो, तर कार्ब्युरेटरला मोठे छिद्र बसवावे लागते. एथॅनॉलने जुने रबर मात्र दोन्ही व्यवस्थांत सारखेच नरम पडते, व टाकीपासूनच्या सर्व नळ्या बदलण्याचा खर्च कोणालाच चुकत नाही.