बोटाखालचा गंधार

डोंबिवलीतल्या एखाद्या हौशी पोराला टचवर वाजणारा सिंथेसायझर करायचा असेल, तर सामान फार लागत नाही. एक आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), तांब्याची चिकटपट्टी, थोडे रेझिस्टर आणि हेडफोनचं सॉकेट. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं, की लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. वाद्य वहीएवढं सपाट होतं, कारण त्यात खाली दबणारी पट्टीच नसते. या वाद्याचं कूळ मात्र दोन घराण्यांतून आलं आहे.

पहिलं घराणं पेटीचं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिची हातपेटी केली. संगीत नाटकाने, कीर्तनाने, भजनी मंडळांनी ती आपलीशी केली, पण जाणकारांची तक्रार मिटली नाही. दोन पट्ट्यांच्या मधून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले सूर गवयाच्या सुरांशी नेमके जुळत नाहीत. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं, ते 1971 मध्ये उघडलं. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी या तक्रारीचं उत्तर पेटीतच शोधलं. सा आणि प अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा, अशी बावीस श्रुतींची पेटी त्यांनी घडवली.

दुसरं घराणं विजेचं. रशियात लेव थेरेमिनने 1920 च्या सुमारास असं वाद्य केलं, की अँटेनाजवळ नुसता हात नेला तरी सूर चढावा. माणसाच्या शरीरात थोडा विद्युतभार साठतो, एवढ्यावर ते चालतं. सूर अखंड सरकत होता, पण नेमक्या जागी धरायला कठीण. मग ब्रिटनमध्ये सपाट वाद्यांची रांग लागली. 1968 चा स्टायलोफोन म्हणजे सर्किट बोर्डावरच छापलेल्या धातूच्या पट्ट्या, सळईने टेकवून वाजवायच्या. 1972 च्या सिंथी एकेएसमध्ये बॅगेच्या झाकणात टचचा कीबोर्ड होता. 1978 चा काळा-पिवळा वास्प तर स्वस्त पडावा म्हणूनच बिनहलत्या पट्ट्यांचा केला होता. स्प्रिंग नको, खटके नकोत.

2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो जन्मला आणि हे कसब हौशी माणसाच्या टेबलावर आलं. 2012 मध्ये टिम बॅरसने मोझी हे प्रोग्रामांचं भांडार खुलं केलं. त्यामुळे हा छोटा बोर्ड सेकंदाला 16,384 वेळा ध्वनीचा आकडा बाहेर काढू लागला. स्पर्श ओळखायची युक्ती थेरेमिनचीच. एक मेगाओमच्या रेझिस्टरमधून तांब्याची पट्टी भारित करायची आणि भरायला किती वेळ लागला ते मोजायचं. बोट टेकलं की वेळ वाढतो.

इथे दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळते. तांब्याचे दोन तुकडे करवतीच्या दात्यांसारखे एकमेकांत घालून चिकटवले, की बोट सरकताना एकावरचा स्पर्श घटतो आणि दुसऱ्यावरचा वाढतो. दोन आकड्यांच्या प्रमाणावरून बोटाची जागा कळते आणि मींड निघते. आणि सूर? पेटीत तो कानशीने पितळी पाती घासून लावावा लागतो, इथे तो प्रोग्राममधला एक आकडा असतो. षड्ज 240 हर्ट्झवर धरला, तर कारखान्याच्या कीबोर्डवरचा शुद्ध गंधार 302.4 वर येतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार मात्र पाचास चार या प्रमाणातला, म्हणजे 300 चा. फरक अडीच हर्ट्झसुद्धा नाही, पण कान तयार असला की तो टोचतो.

बहुतेक मुलं पाश्चात्त्य बारा सुरांचा तयार तक्ता जसाच्या तसा चिकटवतात आणि काम झालं म्हणतात. मग ते वाद्य बाजारातल्या स्वस्त कीबोर्डहून कमीच ठरतं: आवाज खरखरीत, सप्तकं थोडी. या पातळ पट्टीची खरी कमाई सुरांचा तक्ता स्वतः लिहिता येण्यात आहे. तेव्हा हे वाद्य करणाऱ्याने आधी तंबोरा लावावा, गंधाराचा आकडा कानाने ठरवावा आणि मगच सोल्डरिंगची बंदूक हातात घ्यावी.