मोठ्यांचा खेळ, दिवाळीचा किल्ला आणि आपण विसरलेलं नगर

प्लॅस्टिकच्या छोट्या विटा जोडून किल्ले, देवळं, रेल्वे इंजिनं करणारी मोठी माणसं आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत. आपल्या नगर तालुक्यातले दोघं मला माहीत आहेत. एक शिक्षक, दुसऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. दोघंही हे काम जरा लपूनछपूनच करतात. पारावर कळलं तर पहिला प्रश्न ठरलेला: "काय राव, पोरांची खेळणी घेऊन बसलात होय?"

आजची पोस्ट या प्रश्नाचं उत्तर आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या विटेचा इतिहास. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं खेडं आहे. तिथला सुतार ओले किर्क क्रिस्तियानसन मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करायला लागला. घरबांधणीची कामं मिळेनात म्हणून धरलेला हा धंदा. १९३४ मध्ये त्याने नाव ठेवलं 'लेगो'. डॅनिश भाषेत 'छान खेळ' अशा अर्थाचे दोन शब्द जोडून ते तयार केलं. प्लॅस्टिकची पहिली वीट आली १९४९ मध्ये. ती कल्पनाही मुळात त्याची नव्हती. हिलरी पेज नावाच्या इंग्रज माणसाने तशी वीट आधीच बाजारात आणली होती. शिवाय पहिल्या विटा आतून पोकळ होत्या, नीट धरत नसत. २८ जानेवारी १९५८ ला विटेच्या पोटात नळ्या टाकलेल्या नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, आणि तिथून खरी गोष्ट सुरू झाली. १९५८ ची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. आपल्याकडे मागच्या वर्षीच्या मोबाईलचा चार्जर यंदाच्या मोबाईलला चालेना, तिथे हे साठ-पासष्ट वर्षं चाललंय.

आठ गुंड्यांच्या एकसारख्या सहा विटा घेतल्या तर त्या किती वेगवेगळ्या पद्धतीने जोडता येतील? गणितज्ञांनी हिशेब केलाय: ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. फक्त सहा विटा! मोठ्या माणसाला यात गोडी का वाटते, ते या आकड्यात आहे. कंपनीलाही ते कळलं. २००८ मध्ये त्यांनी ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला, तो काही सात वर्षांच्या पोरासाठी नव्हता. २०२० पासून तर मोठ्यांच्या डब्यांवर सरळ '१८+' छापून येतं. पेटंटची मुदत कधीच संपलीय, आणि १४ सप्टेंबर २०१० ला युरोपच्या न्यायालयानेही ठरवलं की या विटेचा आकार कुणा एका कंपनीचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. म्हणून आपल्या आठवडे बाजारात दोन-तीनशे रुपयांत तसल्याच विटांचा डबा मिळतो.

पण खरं सांगायचं तर आपल्याला हे सगळं डेन्मार्कहून शिकायची गरजच नव्हती. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय असतं?

शाळेला सुट्टी लागली की अंगणात दगड-विटांचा ढीग लागतो. त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल. तटाला गेरू, पायऱ्यांना चुना. आठ दिवस आधी अळीव नाहीतर मोहरी पेरायची, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवंगार जंगल. वर सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे, दारात पहारेकरी. खाली गुहेत वाघ, शेतात बैलजोडी, आणि कुणाच्या तरी घरून आलेला एक प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर, काळाच्या सगळ्या मर्यादा ओलांडून उभा! हे पोरांचं काम म्हणायचं आपण. पण बघा जरा: बुरुज ढासळला की पॅन्ट वर करून चिखलात उतरतो तो बापच. "अरे, दरवाजा असा समोर नसतो, वळण घेऊन असतो," हे सांगणारा काका असतो. गावोगावच्या किल्ले स्पर्धांत रात्र रात्र जागणारे मंडळाचे कार्यकर्ते काय दुसरीतले असतात? सार्वजनिक गणपतीचे देखावे तर पूर्णपणे मोठ्यांचाच खेळ. त्याला आपण हसत नाही, कारण त्याला देवाचं नाव आहे.

प्रतिकृती करणं हा रिकामटेकडा उद्योग नाही, हे आपल्या नगरकरांना वेगळं सांगायला नको. शहरात एवढी मोठी लष्करी छावणी आहे. लढाईची आखणी करताना सैन्यात वाळूचा डोंगर, वाळूची नदी करून त्यावर अधिकाऱ्यांना समजावतात. कागदावरचा नकाशा सपाट असतो. टेकडी आडवी आली की पलीकडचं दिसत नाही, हे प्रतिकृतीतच कळतं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया कशा खेळायच्या यावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'लिटल वॉर्स' नावाचं. तेव्हा तो चाळिशी पार केलेला, जगभर नाव असलेला माणूस होता. त्याला कुणी पारावर अडवलं नसावं.

आता माझा मुद्दा. आपल्या भागातले दिवाळीचे किल्ले मी दरवर्षी बातमीसाठी फिरून बघतो. रायगड, प्रतापगड, राजगड, सिंधुदुर्ग. उत्तम असतात. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटल्यापासून तर उत्साह आणखी वाढलाय, आणि तो वाढायलाच हवा. त्या बारांत आपल्या जिल्ह्यातला एकही नाही. तेही ठीक. पण इतक्या वर्षांत आपला नगरचा भुईकोट किल्ला केलेला मी एकदाही पाहिला नाही. नगरच्या पोराला प्रतापगडाचा बुरुज कुठे येतो ते माहीत, आणि एसटी स्टँडपासून थोड्या अंतरावरचा किल्ला गोल आहे की चौकोनी ते माहीत नाही.

याचं एक कारण साधं आहे. भुईकोट प्रतिकृतीत उठून दिसत नाही. किल्ल्याचा घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर. तो पाचशे पट लहान केला तर साधारण एक मीटर व्यासाचं वर्तुळ होतं, आणि भिंत उरते दोन-तीन सेंटिमीटरची. म्हणजे मोठ्या परातीएवढा घेर आणि बोटाच्या दोन पेरांएवढा तट. डोंगरी किल्ल्याला डोंगर उंची देतो, इथे डोंगरच नाही. पण याच गोष्टीतून किल्ला समजतो! उंची नाही म्हणून रुंद खंदक खणला. कोपरा असला की तो फोडायला सोपा, म्हणून कोपराच ठेवला नाही, गोल केला. वर थोड्या थोड्या अंतरावर बुरुज, वीसच्या वर. आमचे ते शिक्षक मित्र म्हणतात, चौकोनी विटांतून गोल भिंत काढणं हीच खरी परीक्षा. सरळ भिंतीचे लहान लहान तुकडे करून ते बिजागरीच्या तुकड्यांनी थोडे थोडे वळवत न्यायचे आणि प्रत्येक सांधा बुरुजाआड लपवायचा. माझ्या मते भुईकोटाला हीच युक्ती शोभेल.

आणि मुळात आपला हा किल्लाही आधी मातीचाच होता. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथे मातीचा कोट घातला. हुसेन निजामशहाने १५५९ पासून तो दगडात बांधून काढला. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी वेढा घातला, सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं, आणि चाँदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, १७९७ मध्ये शिंद्यांकडे गेला, आणि १२ ऑगस्ट १८०३ ला वेलस्लीने तो घेतला. १९४२ ते १९४५ मध्ये नेहरू इथे कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं. एवढं सगळं एका परातीत मावतं. करायचं कुणी?

दुसरं कारण जरा अवघड आहे, पण बोललं पाहिजे. "तो निजामशहाचा किल्ला, आपण कशाला करायचा?" असं मला एका मंडळाच्या अध्यक्षाने तोंडावर सांगितलंय. त्याचा राग नाही. पण इतिहास असा कप्पे करून ठेवता येत नाही. शिवराय जन्मले त्या वेळी शिवनेरी निजामशाहीतच होता. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही मुलांची नावं नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यातल्या नवसावरून ठेवली, असं परंपरेने सांगतात.

आणि आपल्याच तालुक्यातलं भातवडी. सन १६२४. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. संख्येने कमी. त्याने भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून दिलं. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला. हत्ती, तोफा, बैल सगळं रुतलं. मग रात्रीचे छापे, रसद तोडणं, आणि शेवटी हल्ला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजीराजेही होते. शरीफजी तिथेच पडले. म्हणजे शिवरायांच्या चुलत्याने आपल्या तालुक्याच्या मातीत देह ठेवलाय. कमी माणसांनी, जमीन आणि पाणी हाताशी धरून मोठ्या फौजेला कसं हरवायचं, हा धडा भोसले घराण्याने इथे प्रत्यक्ष पाहिला. पुढे शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर निजामशाहीच्या एका लहान मुलाला गादीवर बसवून मोगलांशी झुंज दिली, ती १६३६ पर्यंत चालली. पेमगिरीही आपल्याच जिल्ह्यात. तोही कुणी करत नाही, आणि तो तर डोंगरी किल्ला आहे!

भातवडीची प्रतिकृती करायला किती मजा येईल बघा. वर तलाव, त्याला फोडता येईल असा मातीचा बांध, खाली सखल मैदानात छावणी. बांध काढायचा आणि पाणी सोडायचं. दहा पुस्तकं वाचून जे कळणार नाही ते पोरांना एका मिनिटात कळेल: लढाई तलवारीने जिंकतात तशी उतारानेही जिंकतात.

उतार म्हटलं की आमचं हिवरे बाजार आठवतंच. जगभरातून लोक या गावाला 'मॉडेल' म्हणून बघायला येतात. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, कधी तोही नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्या वेळी डोंगर उघडे होते आणि माणसं कामासाठी गाव सोडत होती. मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम. आणि कामाची पद्धत एकच: माथा ते पायथा. आधी डोंगराच्या वरच्या अंगाला सलग समतल चर, मग खाली बांध, सगळ्यात शेवटी ओढा. हा क्रम चुकला की वरून आलेली माती खालचं सगळं काम गाडून टाकते. ज्या पोराने अंगणातल्या किल्ल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलंय, त्याला हे कुठल्या साहेबाने सांगावं लागत नाही. वरून ओतलं की बुरुज वाहून जातो, मधे खाच केली की पाणी थांबतं. पाणलोटाचं शास्त्र आणि दिवाळीचा किल्ला यांची माती एकच आहे.

म्हणून मला काळजी वाटते ती बाजारात आलेल्या तयार किल्ल्यांची. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, रंगवलेला, उचलून आणायचा आणि गॅलरीत ठेवायचा. फ्लॅटमध्ये अंगण नाही, माती नाही, अडचण खरी आहे. त्यात आई-बापांची चूक नाही. पण तयार किल्ल्यात काहीच ढासळत नाही, आणि ढासळल्याशिवाय का ढासळलं हा प्रश्न पडत नाही. त्यापेक्षा गॅलरीत बसून प्लॅस्टिकच्या विटा जोडा, मला चालेल. निदान हात तरी चालतील, चार वेळा मोडून पाचव्यांदा जमेल. आणि बाप बरोबर बसला तर पोराच्या हातातला मोबाईलही तासभर बाजूला राहील.

तर पारावरच्या प्रश्नाचं उत्तर असं: होय, खेळतो आम्ही. ज्या गावाला आपला इतिहास हाताने घडवता येत नाही, त्याला तो दुसऱ्याने सांगितला तसाच ऐकावा लागतो.

यंदाच्या दिवाळीसाठी तालुक्यातल्या मंडळांना आणि शाळांना माझी हात जोडून विनंती आहे. रायगड करा, प्रतापगड करा. पण दर गावात एक तरी गट भुईकोट, पेमगिरी किंवा भातवडी करू दे. किल्ले स्पर्धा घेणाऱ्यांनी 'आपल्या जिल्ह्यातला किल्ला' असं एक वेगळं बक्षीस ठेवावं, एक हजार एक रुपयांचं असलं तरी चालेल. ज्या गावात भातवडीचा तलाव फुटेल तिथे मी कॅमेरा घेऊन नक्की येणार. चिखल उडाला तरी हरकत नाही.