आपत्तीचा पैसा नेहमी पुराच्या मागूनच का येतो?

नंदनवनकर मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या वस्तीचाच आहे.

आपत्तीशी कसं लढायचं हे अख्ख्या देशाला नागपूर शिकवतं. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ मध्ये रामपूरहून इथं आलं. त्याच वर्षी आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी केंद्राची संस्थाही इथंच सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. पण काखेत कळसा अन् गावाला वळसा!

३० जुलै १९९१ ला आपल्याच जिल्ह्यातलं मोवाड वर्धा नदीच्या पुरात बुडालं. दोनशेहून जास्त माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, हजारो बळी गेले. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला आणि त्यातूनच मंत्रालयात अन् जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती नियंत्रण कक्षांची घडी बसली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षाच्या शेवटी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले.

म्हणजे बघा, आधी माणसं जातात, मग पैसा येतो.

पंधराव्या वित्त आयोगानं हे थोडं बदललं. २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीत १,६०,१५३ कोटी रुपये धरले. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. यातला २० टक्के पैसा धोका कमी करायला आणि १० टक्के पूर्वतयारी व क्षमता वाढवायला. नियंत्रण कक्ष, यंत्रणा, प्रशिक्षण हे सगळं या तयारीतच येतं. तयारीसाठी वेगळा वाटा कागदावर तरी आला.

तरीही २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते आपण पाहिलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. एनडीआरएफ, एसडीआरएफ आले, लष्करही बोलवावं लागलं. नंतर पंचनामे अन् नुकसानभरपाई.

हीच नाग नदी पुढे आपल्या केडीके कॉलेजच्या बाजूनं जाते. अंबाझरी ओसंडला की पाणी इथवर यायच्या आधी थोडा वेळ हातात असतो. तेवढ्या वेळात नदीकाठच्या झोपडपट्टीत निरोप कोण पोचवणार? भोंगा आहे का? रात्रपाळीला फोन उचलणारा माणूस आहे का? नियंत्रण कक्षाची नुसती इमारत कामाची नाही, बारा महिने पगारी माणूस अन् चालू यंत्र लागतं.

म्हणून मत मागायला कोणी दारात आलं तर रस्ता-गट्टू विचाराच, पण हेही विचारा: तयारीच्या त्या १० टक्क्यांतलं आपल्या झोनला काय आलं? आणि तोवर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.