एकाच प्याल्यातनं

साल १८९८, मार्गशीर्षातली सकाळ. वेल्ह्याहून निघून गुंजवणीच्या काठाकाठानं तुम्ही नसरापूरकडे चालला आहात. पाठीमागे तोरणा अजून धुक्यात आहे. भाताची कापणी उरकलीय, खाचरं मोकळी पडलीत, खळ्यावर झोडपणी चाललीय आणि पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास अंगाला चिकटतोय. पायाखाली डांबर नाही, पुढे चेलाडी फाट्याचा गलका नाही. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत आणि त्यांच्या कडेनं माणसांनी पाडलेली पायवाट.

विंझरच्या अलीकडे एक म्हातारा तुम्हाला लांबूनच हटकतो. "कंच्या गावचं? पुन्याकडनं तर न्हाई ना आलासा?" पुण्यात प्लेग शिरून दोन वर्षं झाली आहेत. शहराकडून येणाऱ्या माणसाला इथे कुणी ओसरीवर बसू देत नाही. तुम्ही तोरण्याकडे हात दाखवता. मग तो रस्ता सोडतो आणि म्हणतो, "फुडं वड्याकाठी मिशनवाल्यांचा डेरा पडलाय. तमाशा न्हाई, पर गानं असतंय."

ओढ्याकाठी आंब्याखाली एक मळका तंबू आहे. शेजारी सोडलेली गाडी, कडबा खाणारे बैल, दोन गोऱ्या मडमा, औषधाच्या बाटल्यांची पेटी. चार्ल्स रीव्ह नावाच्या ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसानं पाच वर्षांपूर्वी, १८९३ साली, 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' सुरू केलंय. शहरांतल्या शाळा-कॉलेजांकडे बऱ्याच मिशनांचं लक्ष होतं. यांनी नावातच खेडी घेतली. नसरापूर आणि हा सगळा मावळ त्यांच्या कामाच्या मुलखात येतो. पाऊस सरला की तंबू गाडीत टाकायचा आणि गावोगाव हिंडायचं, हा त्यांचा हिवाळा.

पण तुम्ही मडमांकडे बघत बसू नका. त्यांचे अहवाल आणि पत्रं त्यांच्या देशात छापली जातात, त्यांचे फोटो जपले जातात. तुम्ही बघा टाळ हातात घेऊन बसलेल्या त्या मास्तराकडे. तो नगरकडचा, महारवाड्यात जन्मलेला, मिशनच्या शाळेत शिकलेला. आणि त्याच्या शेजारी नऊवारीतली ती बाई बघा, मांडीवर उघडं शुभवर्तमान घेतलेली. गावातल्या बायका मडमेची मराठी ऐकून तोंडाला पदर लावतात. या बाईनं तोंड उघडलं की पदर खाली येतात. सुवार्ता या दोघांच्या जिभेवरून गावात शिरते.

गाणं संपतं. गर्दी पांगते. एक विशीतला पोरगा मात्र मागे रेंगाळतो. तो हिरडस मावळातला, भोरच्या पलीकडचा, पाव्हण्यांकडे आलाय. गेले चार दिवस तो रोज लांब उभा राहून ऐकतोय. आज पुढे येतो, तरी सवयीनं चार हात अंतर ठेवून बसतो. मास्तर त्याला हातानं खूण करून जवळ बोलावतो.

"मास्तर, एक इचारू का?"

"इचार की."

"तुमच्या देवळात म्हनं समदी एकाच प्याल्यातनं पित्यात. खरं का?"

"खरं. त्याला प्रभुभोजन म्हणत्यात."

"म्हंजी बामन आला तरी? आमी न् त्यो, एकाच प्याल्यातनं?"

मास्तर पटकन उत्तर देत नाही. टाळाची दोरी बोटाला गुंडाळतो, सोडतो. शेवटी म्हणतो, "प्रभूनं तसंच सांगितलंय."

पोरगा मान हलवतो. प्रभूनं काय सांगितलं हे त्यानं विचारलंच नव्हतं. माणसं काय करतात, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्या जागी क्षणभर उभे राहा. त्याचं घर येसकरकी करतं. गावाची मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, चावडीपुढे उभं राहायचं. त्याबद्दल सुगीला बलुतं मिळतं. उद्या त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि मरीआईच्या जत्रेला यायला नकार दिला, तर गाव बलुतं बंद करील. भाऊबंद वेगळी चूल मांडायला लावतील. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा कंपनी सरकारनं १८५० सालीच केला, पण तो ब्रिटिश मुलखासाठी. भोर हे पंत सचिवांचं संस्थान आहे. आणि कायदा असला तरी दोन वेळची भाकर कायद्यातून येत नाही. एवढं सगळं पणाला लावायचं, तर समोरच्या प्याल्याविषयी आधी खात्री करून घेणं हा त्याचा हक्कच आहे. श्रद्धेच्या वाटेवर शंका हा अडथळा असतो असं मानणाऱ्यांशी मला म्हणूनच वाद घालावासा वाटतो. या पोराची शंका हीच त्याची पहिली प्रार्थना आहे.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. तुम्हाला मागेपुढे जाता येतं. तर त्याचा प्रश्न घेऊन निघा.

कात्रजचा घाट उतरा आणि आठ वर्षं मागे जा. ऑक्टोबर १८९०, पुण्याची वेताळ पेठ, पंचहौद मिशन. सभा संपल्यावर चहा-बिस्किटं आली आहेत. न्यायमूर्ती रानडे आहेत, लोकमान्य टिळक आहेत, शहरातली नामांकित मंडळी आहेत. कुणी घोट घेतला, कुणी पेला नुसता हातात धरून ठेवला. गोपाळराव जोशी मात्र नावं टिपून घेतात आणि यादी 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणतात. मग ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद), शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. धर्म कुणीच बदललेला नव्हता. मिशनऱ्यांच्या घरचा एक पेला चहा, एवढंच निमित्त. भोरच्या त्या पोराला ही हकिगत सांगितली तर तो म्हणेल, थोरामोठ्यांची ही गत, तर आमची काय?

आता पुढे या. केडगाव, दौंडच्या वाटेवर, १९०७ साल. मुक्ती सदनाच्या आवारात छापखान्याची धडधड ऐकू येते. आत मुली खिळे जुळवताहेत. मध्य प्रांतातल्या १८९७ च्या दुष्काळात हाडांचे सापळे होऊन आलेल्या मुली, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुली. कुणी कुठल्या जातीची हे आता त्यांच्याकडे बघून ओळखू येत नाही. मुक्ती सदनाच्या आधीच्या, पुण्यातल्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांना आपलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. तरीही १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावात ते सोवळं उरलं नाही.

पांढऱ्या लुगड्यातली, कमी ऐकू येणारी बाई कागदावर वाकली आहे. ही दोन्ही सदनं उभारणाऱ्या पंडिता रमाबाई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम त्यांनी हाती घेतलंय. दीड तपाच्या आसपास ते चालेल आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या मरणाच्या उंबरठ्यावर, पुरं होईल. पण ज्यासाठी मी तुम्हाला इथे आणलं ते वेगळंच आहे. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडात, वाँटेज इथे, लहानग्या लेकीसह, मनोरमेसह. आणि त्या स्वतःच याच वर्षी लिहीत आहेत की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली. मधल्या काळात त्या वाँटेजच्या भगिनींशी भांडल्या, त्रैक्याच्या सिद्धांतावर अडून बसल्या, बिशपांनी सांगितलं म्हणून मान डोलवायला त्यांनी नकार दिला. पुराणिक बापाबरोबर लहानपणी सगळा देश पायी तुडवलेली, १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गमावलेली बाई. तिला कुणाच्या आयत्या उत्तरावर समाधान कसं मिळणार? बाप्तिस्मा एका सकाळी होतो. ख्रिस्ती होणं कित्येक वर्षं चालतं, आणि ते सगळ्यांत जास्त स्वयंपाकघरात चालतं.

त्यासाठी तुम्हाला राहुरीला जावं लागेल, आणि त्याआधी थोडं नाशिकजवळच्या जलालपूरला. तिथल्या नारायणराव गोखल्यांच्या घरात मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतात. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात सोवळ्यानं घर केलं. त्यांची मुलगी मनू, लग्नानंतरची लक्ष्मीबाई. तिचा नवरा कवी आहे, भटक्या आहे, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी तो मुंबईत ख्रिस्ती होतो. नारायण वामन टिळक. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं नवा करार हातात ठेवला, तिथून त्यांचं मन वळायला लागलं होतं.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांची आहे, कडेवर दत्तू आहे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाईक तिला पंढरपुरात ठेवतात. तिथे चंद्रभागेच्या वाळवंटात तिच्या शेजारी थोडा वेळ बसा. बोलू नका. या वर्षांत तिला फार लोकांनी फार सल्ले दिले आहेत.

काही वर्षांनी ती स्वतःहून नगरला नवऱ्याकडे जाते. श्रद्धा बदललेली नाही; संसार हवा आहे. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं, तिच्या भांड्यांना टिळकांनी शिवायचं नाही. आणि टिळक शिवत नाहीत. रागीट, उधळ्या, पोस्टाच्या तिकिटाला ठेवलेले पैसेही कुणाला देऊन टाकणारा हा माणूस या एका बाबतीत विलक्षण संयमानं वागतो. त्यानं तिला ओढत नेलं असतं तर मराठीला तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मिळालं नसतं, असं मी खात्रीनं म्हणतो.

मग राहुरी. छप्पनच्या दुष्काळाचा काळ, इसवी सन १९००. ती एकटीच विचार करत बसली आहे. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर माणसाच्या अंगावर काही खूण ठेवली असती. जनावरांत वाघ वेगळा दिसतो, गाय वेगळी दिसते. जन्म सारखा, मरण सारखं. विचार शेवटपर्यंत जातो आणि ती उठते ती ठरवूनच: आजपासून कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. जलालपूरच्या त्या धुतलेल्या मिठाची लेक हे म्हणते आहे. टिळकांना ती तसं सांगते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, त्याच वर्षीचा. क्रम नीट लक्षात घ्या. जात आधी गेली, पाणी डोक्यावर नंतर पडलं.

तुम्हाला धावत जाऊन ओढ्याकाठच्या त्या पोराला हे सांगावंसं वाटेल. पण तो १८९८ मध्ये बसलाय आणि ही गोष्ट अजून घडायची आहे. शिवाय खरं सांगायचं तर ते अर्धंच उत्तर होईल. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत जात दारातच गळून पडली असं झालं नाही; सोयरिकी जुळवताना ती पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली. प्याला एक झाला, पंगती सगळीकडे एक व्हायला पिढ्या लागल्या. म्हणूनच जिनं प्याला स्वतःच्या हातानं उचलला त्या एका बाईचं मोल मला एवढं वाटतं.

त्यानंतर ती थांबत नाही. नगरला प्लेग येतो तेव्हा सख्खे नातलग रोग्यांना सोडून पळताहेत आणि लक्ष्मीबाई शुश्रूषेला उभी आहे. पोरकी मुलं घरात येत राहतात. १९१७ साली टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतात, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारतात. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबलेलं असतं. शाळेचं तोंडही न पाहिलेली, उतारवयाकडे झुकलेली ही विधवा उरलेले साठांहून अधिक अध्याय स्वतः रचते आणि ते पुरं करते. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग येऊ लागतात. १९३६ च्या फेब्रुवारीत ती जाते.

सवर्ण घरांतून आलेल्यांनी लिहिलं, म्हणून आपल्याला त्यांची वाट पावलापावलानं दिसते. बाबा पदमनजींनी लिहिलं, रमाबाईंनी लिहिलं, लक्ष्मीबाईंनी लिहिलं. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मात्र मुख्यतः महार-मांग समाजातल्या माणसांनी उभ्या केल्या. दिवसा मुलांना मुळाक्षरं शिकवणारे, रात्री कंदिलाच्या उजेडात भजनं घेणारे मास्तर. उन्हातान्हात दारोदार वाचत जाणाऱ्या बायबलबाया. गावानं बलुतं तोडल्यावरही न हटलेली घरं. त्यांची आत्मचरित्रं नाहीत. नसरापूर-भोरकडे काम करणारं ते मिशन १९६८ मध्ये सिलोन अँड इंडिया जनरल मिशनमध्ये मिसळलं, १९८९ मध्ये एका आणखी मोठ्या संस्थेत गेलं. गोऱ्या मिशनऱ्यांची चरित्रं शोधली तर अजून सापडतील. आंब्याखालच्या मास्तराचं, पोराचं काय?

त्यांच्यासाठी एकच कागद असतो, मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही. नाव, आईबापांची नावं, गाव, तारीख, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाची सही. एका माणसाला एक ओळ. कित्येक वह्यांना वाळवी लागली आहे, शाई उडते आहे. भोर, नसरापूर, शिरवळकडे तुमचं कुणी ख्रिस्ती असेल, आजी-आजोबा अजून बोलत असतील, तर या रविवारी उपासनेनंतर पाळकांकडे ती वही मागा. पानांचे फोटो काढा. आणि आजीला विचारा की पहिल्यांदा त्या प्याल्याला तोंड लावलं तेव्हा शेजारी कोण बसलं होतं.