डोंगर आणि दर्या यांमधले गाव : बुरोंडी

एखाद्या गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपण प्रथम किल्ला शोधतो, मग लढाई शोधतो. आणि दोन्हीही न सापडल्यास 'या गावाला इतिहास नाही' असे म्हणून मोकळे होतो. आमच्या मते ही रीत बरोबर नाही. विदाल द ला ब्लाश या फ्रेंच भूगोलवेत्त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी असा आग्रह धरला होता की, प्रदेश समजावयाचा तर तेथील माणसांची जगण्याची रीत आधी समजली पाहिजे. त्याच दृष्टीने आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातील बुरोंडी या गावाकडे पाहू.

दापोलीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच. तेथून नैर्ऋत्येस निघालेली वाट वळणे घेत उतरते आणि एकाएकी समुद्र समोर येतो. उत्तरेस लाडघर, दक्षिणेस कोळथरे, मध्ये बुरोंडी. मागे जांभ्या दगडाचा सडा, पुढे दर्या आणि या दोहोंमध्ये नारळी-पोफळींची चिंचोळी आगरे. पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु उतार एवढा तीव्र आणि जांभा एवढा सच्छिद्र, की ते पाणी जमिनीत फार काळ ठरत नाही. म्हणून ज्या कोकणात श्रावणात पाण्याने पाखाड्या वाहतात, त्याच कोकणात वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. हा विरोध ज्याने ध्यानात घेतला, त्याला येथील अर्थकारणाची किल्ली सापडली असे समजावे.

आता इतिहास पाहू. परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी निर्माण केली, ही कथा सर्वांना ठाऊक आहेच; बुरोंडीजवळच्या टेकडीवर पृथ्वीगोलावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती तिचेच स्मरण देते. प्रत्यक्ष इतिहासाचे मोठे प्रवाह मात्र गावाच्या दोन्ही अंगांनी गेले. दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातील नामांकित बंदर होते. पोर्तुगीजांच्या अल्मेदाने 1508 च्या अखेरीस ते जाळले. उत्तरेला हर्णेपुढे सुवर्णदुर्ग. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्रे याच्याकडून घेतला. पुढे 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि दापोलीस इंग्रजांची छावणी पडली. 'कॅम्प दापोली' हे नाव त्याचीच खूण होय. बंदरे उदयास आली, बुडाली, निशाणे बदलली. किनाऱ्यावरच्या माणसाची होडी मात्र प्रत्येक राजवटीत पहाटे पाण्यात ढकलावीच लागली.

किनाऱ्यावर मासेमारी आणि आगर, तर वरच्या अंगाला वरकस जमिनीत नाचणी-वरी, अशी येथील उपजीविकेची जुनी विभागणी. जमीन थोडी आणि तिच्यावर खोतीचा भार. कुळाच्या घामाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई. ज्यांचे बालपण काही काळ दापोलीत गेले, त्या डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा होण्यास 1949 साल उजाडले.

मग माणसे जगली कशी? ती गाव सोडून जगली. फ्रान्समधील सावॉयच्या डोंगरी खेड्यांतून हिवाळ्यात मुले धुराडी साफ करण्यास पॅरिसला जात. ओव्हेर्नचे लोक तेथे कोळसा विकीत. ज्या गावात पोट भरत नाही ते गाव माणसे निर्यात करते, हा नियम आल्प्सला तसा सह्याद्रीलाही लागू. येथील तरुण हर्णे किंवा दाभोळ येथे आगबोटीत चढला, मुंबईच्या गिरणीत उभा राहिला आणि 'चाकरमानी' झाला. त्याची मनीऑर्डर हेच गावचे खरे पीक. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, तेव्हा त्याचा धक्का शेकडो मैलांवरच्या चुलीपर्यंत पोहोचला.

आज चित्र पालटले आहे. 1990 नंतर सरकारी फळबाग योजनेमुळे कातळावरही हापूसची कलमे उभी राहिली. पर्यटक येऊ लागले. बुरोंडीच्या बंदरावर अजूनही मासळी उतरते. मात्र पारंपरिक मच्छीमाराला आता यांत्रिक पर्ससीन जाळ्यांशी सामना करावा लागतो, आणि 2016 च्या शासकीय निर्बंधांनंतरही हा वाद मिटलेला नाही. त्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यातील आगरे झोपविली. आजोबाने लावलेले झाड एका दुपारी पडते. ते पुन्हा लावावयास मात्र घरात नातू असावा लागतो.

खरा प्रश्न येथेच आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. देशाची लोकसंख्या वाढत असता येथील घटली. पूर्वी माणूस जाई, पण त्याची बायको, आईबाप आणि गाईगुरे मागे राहत. म्हणून तो परत येई. आता बिऱ्हाडच जाते आणि दाराला कुलूप लागते. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरते ते उघडते.

आम्ही कोणास दोष देत नाही. शिक्षण आणि दवाखाना यांसाठी शहर गाठणे हा कोणाचाही हक्क आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत असे एखादे कुलूपबंद घर असेल. ते उघडाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावे. कोणती विहीर कधी खणली, कोणते शेत कोणी कसले, कोण कोणत्या साली आगबोटीत चढला, हे विचारून लिहून ठेवावे. बुरोंडीसारख्या गावांचा इतिहास अशाच टिपणांतून उभा राहणार आहे, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.