अँबेसिडरला एसी बसवताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपूरहून अमरावतीकडे मोटारने येताना तिवसा मागे पडले की गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम उभारला आणि या लहानशा गावाचे नाव दूरवर गेले. आश्रमासाठी थांबणारे आजही थांबतात. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात मे महिन्याच्या दुपारी ज्यांनी हा रस्ता केला आहे, त्यांना वाटेत थांबण्याचे आणखी एक कारण आठवत असेल. गाडी तापायची. कडुलिंबाच्या सावलीत अँबेसिडर किंवा फियाट उभी, बॉनेट उघडलेले, ड्रायव्हर ओले पोते हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण बेताबेताने फिरवतो आहे आणि आतली मंडळी डोक्याला दुपट्टे बांधून झाडाच्या बुंध्याशी बसली आहेत, असे दृश्य या रस्त्यावर नवलाचे नव्हते.

कधी पाणी उकळलेले नसे, तरी गाडी बंद पडे. इंजिनाला चिकटून बसवलेला पेट्रोलचा पंप इतका तापायचा की आतल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ ओढत राहायचा. उपाय सोपा होता. पंपाला ओला फडका गुंडाळायचा आणि चहा होईपर्यंत वाट पाहायची. सराईत ड्रायव्हर निघतानाच फडका गुंडाळून निघत आणि बाटलीभर पाणी वेगळे ठेवत. ते पिण्याचे नव्हे, पंपाचे!

ज्या गाडीला स्वतःलाच वऱ्हाडचे ऊन सोसत नाही, तिच्यात बसणाऱ्याला गार कसे ठेवायचे, हा प्रश्न मला फार दिवसांपासून कुतूहलाचा वाटत आला आहे. त्याचा इतिहास वाटतो त्याहून मोठा आहे आणि तो अजून संपलेला नाही. कारण जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांना एसी बसवून घेणारी हौशी मंडळी आजही आहेत, आणि त्यांच्यापुढची अडचण मोझरीच्या त्या ड्रायव्हरपुढे होती तीच आहे.

गारव्याची आपली स्वतःची विद्या माठाची आहे. माठाला घाम येतो, तो घाम कोरड्या हवेत उडून जातो आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणे हा त्याचाच मोठा अवतार, आणि अमरावती-अकोल्याच्या घराघरांत खिडकीला लागणारा कूलर हा त्याचा विजेवर चालणारा नातू. पारा 45 अंशांपर्यंत चढलेला असताना हवा ठणठणीत कोरडी असते, म्हणून हे आपल्याकडे साधते. मुंबईकराला कूलरचे कौतुक कळत नाही, यात त्याचा दोष नाही.

मोटारीलाही हा प्रयोग झाला होता. अमेरिकेत तीस ते पन्नासच्या दशकांत खिडकीच्या काचेत अडकवायची नळकांड्यासारखी टाकी मिळायची. पुढून वारा आत शिरायचा, ओल्या थरातून जायचा आणि गार होऊन गाडीत यायचा. ॲरिझोनाच्या वाळवंटात ती चालायची, समुद्रकाठी निरुपयोगी ठरायची. वऱ्हाडातल्या माणसाला तिचे मर्म सांगावे लागणार नाही. आपल्याकडे ती टाकी रुळली नाही; पण खिडकीला ओला टॉवेल लावून प्रवास करणाऱ्यांचे शास्त्र तेच होते. त्याच्या जोडीला अँबेसिडर आणि फियाटच्या पुढच्या दारांना एक तिकोनी काच असे. ती उलटी फिरवली की वारा थेट अंगावर येई. तोही लूच्या झळांचा. पण वारा तो वाराच.

खरा एसी मोटारीत प्रथम विकायला आणला तो पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने, 1939 साली, पुढच्या वर्षीच्या मॉडेलसाठी. त्याच्या यंत्रणेने डिकीची बरीचशी जागा खाल्ली होती. गंमत म्हणजे तो बंद करायची सोय आतून नव्हती. गारवा नको असेल तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवा! गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही आणि दोन-तीन वर्षांत तो प्रकार थांबला. सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात सुटसुटीत बसवून दाखवली ती नॅश या कंपनीने, 1954 साली. त्या गाडीचे नावही अँबेसिडरच होते. आपल्या अँबेसिडरशी तिचे काही नाते नाही, हा निव्वळ योगायोग.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे घडले ते टेक्सासमध्ये. तिथले ऊनही आपल्यासारखेच निर्दय. कारखान्यातून येणारा एसी महाग, म्हणून पन्नासच्या दशकात डॅशबोर्डाखाली टांगायचे तयार संच तिथे निघाले. गाडी कुठलीही आणा, स्थानिक गॅरेजवाला दोन दिवसांत बसवून देई. आपल्याकडच्या 'बाहेरून बसवलेल्या' एसीचा पूर्वज हा.

आपल्या गाड्या मात्र टेक्सासच्या गाड्यांसारख्या दांडग्या नव्हत्या. उत्तरपाड्याची अँबेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्यात तयार होणारी फियाट, पुढे तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली, ती इटलीची. दोघींची माहेरे थंड. अँबेसिडरचे 1489 सीसीचे इंजिन पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, पद्मिनीचे 1089 सीसीचे त्याहून कमी. एसीचा कॉम्प्रेसर चालवायला त्यातली तीन-चार अश्वशक्ती सहज खर्च होते. त्या काळात सरकारदरबारी मोटार हीच चैन समजली जाई, मग एसी ही चैनीवरची चैन. साहजिकच ज्याला तो हवा, त्याने गॅरेज गाठायचे.

बसवण्याचे काम पाहण्यासारखे असते. आधी कॉम्प्रेसरला जागा शोधायची. इंजिनावर त्याच्यासाठी भोके नसतात, म्हणून जाड पट्टीचा ब्रॅकेट घडवायचा. तो केसभर जरी वाकडा झाला तरी पट्टा किंचाळतो आणि महिन्याभरात तुटतो. इंजिनाच्या पुलीला दुसरी खोबण नसेल तर नवी पुली लेथवर कातून घ्यायची. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याला नळ्यांसाठी दोन भोके पाडायची. डॅशबोर्डाखाली कूलिंग कॉइल आणि ब्लोअरचा डबा टांगायचा, म्हणजे पुढे बसणाऱ्याचे गुडघे त्यावर आदळणार हे ठरलेले. जुन्या गाडीचा डायनॅमो इंजिन मंद चालू असताना जवळजवळ वीज देतच नाही. ब्लोअर लावला की बॅटरी उतरते. म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर घालायचा. सांधे जोडून झाले की नळ्यांमधली हवा पंपाने पूर्ण ओढून काढायची, आणि मग गॅस भरायचा.

घाईत असलेला मिस्त्री नेमका इथे चुकतो. हवेबरोबर थोडी ओल आत राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते. मग एसी दहा मिनिटे झकास चालतो, अचानक बंद पडतो, बर्फ वितळला की पुन्हा सुरू होतो. मालक म्हणतो गॅस कमी आहे. मिस्त्रीही तेच म्हणतो आणि आणखी गॅस भरतो. रोग वेगळा, औषध वेगळे.

पण या सगळ्याहून अवघड गोष्ट गाडीच्या जाळीमागे असते. एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. माठातल्या पाण्याप्रमाणे ती हवेत विरून जात नाही. ती टाकायला कंडेन्सर लागतो आणि तो बसतो रेडिएटरच्या पुढे. बाहेरची हवाच 45 अंश असेल, तर तिला उष्णता देण्यासाठी कंडेन्सरमधला गॅस साठ अंशांच्या वर न्यावा लागतो. म्हणजे आजच्या 134-ए या गॅसवर वातावरणाच्या सतरा-अठरा पट दाब आला. ती तापलेली हवा मग रेडिएटरवर जाते, आणि ज्या रेडिएटरला वऱ्हाडचे ऊन आधीच जड जात होते, त्याच्या वाट्याला हे आणखी ओझे येते. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाला बांधलेला, त्यामुळे गाडी उभी राहिली की पंखा मंद आणि उष्णता सर्वाधिक. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट आला की ड्रायव्हर एसी बंद करत, ते साहेबांना त्रास द्यावा म्हणून नव्हे. आतला गारवा आणि इंजिनाचा जीव, यांतले एक काहीतरी निवडावे लागे.

साहेबांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. डॅशबोर्डाखालच्या डब्यातली गार हवा आधी पुढच्या सीटवर येते. अँबेसिडरची पुढची बाकासारखी सीट उंच, मागे पोचेपर्यंत हवेतला जोर संपलेला. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खर्च केला ते मागे पडदे ओढून घाम पुसत आहेत आणि ड्रायव्हरच्या बोटांना मात्र गारठा! अर्थात हे सुख गाडी चालू असेपर्यंतच. साहेब बैठकीला उतरले की इंजिन बंद, आणि ड्रायव्हर पुन्हा झाडाखाली.

चित्र बदलले ते मारुतीमुळे. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली, 1985 साली सुब्रोस ही कंपनी जपानी सहकार्याने मोटारींचे एसी देशात बनवू लागली आणि आटोपशीर कॉम्प्रेसर, नळ्या, कॉइल बाजारात दिसू लागल्या. 1990 च्या दशकात अँबेसिडरलाही इसुझूचे 1800 सीसीचे इंजिन मिळाले. ज्यांच्याकडे जुनी गाडी होती त्यांची सोय झाली ती मात्र सुट्या भागांमुळे.

मध्येच गॅसही बदलला. पूर्वीचा आर-12, ज्याला सगळे फ्रिऑन म्हणत, तो आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो हे कळल्यावर 1987 मध्ये माँट्रियल येथे करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला आणि पुढे हा गॅस बंद झाला. त्याच्या जागी 134-ए आला, पण जुन्या संचात नुसता नवा गॅस भरून भागत नाही. तेल वेगळे, नळ्यांचे रबर वेगळे, आणि कडक उन्हात कंडेन्सरही मोठा लागतो. जुन्याच कंडेन्सरवर भागवणाऱ्यांची नोव्हेंबरात चंगळ होते. मे महिन्यात नाही.

अँबेसिडरचे उत्पादन मे 2014 मध्ये थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. उरलेल्या गाड्या आता हौशी लोकांच्या अंगणात आहेत, आणि एसीचा प्रश्न आता कायद्याशी येऊन भिडला आहे. गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. काचांवरच्या काळ्या फिल्मला 2012 मध्येच मनाई झाली आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवे. मग पत्र्याला पाडलेली दोन भोके चालतील का? यावर जुन्या गाड्यांच्या बैठकीत तासन्‌तास वाद होतात. काहींच्या मते एसी बसवला की गाडी मेली.

मला हे मत पटत नाही. वऱ्हाडात एसीविना जुनी गाडी मार्च ते जून घराबाहेर निघत नाही. चार महिने उभी राहिली की कार्बुरेटरमधले पेट्रोल सुकून चिकट होते, रबरी नळ्यांना चिरा जातात, ब्रेक धरून बसतात. न चालवलेली गाडी मूळ स्वरूपात राहते असे समजणाऱ्याने तिचे बॉनेट उघडून पाहिलेले नसते. आणि भर दुपारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर मूळ स्वरूपाची चर्चा तिथेच संपते.

मात्र बसवायचा तो असा, की उद्या काढता आला पाहिजे. ब्रॅकेट वेल्ड करायचा नाही, इंजिनावर आधीपासून असलेल्या बोल्टांनाच धरायचा. नळ्या हीटरसाठी किंवा तारांसाठी असलेल्या भोकांतून जमल्यास न्यायच्या. चपट्या नळ्यांचा आधुनिक कंडेन्सर घ्यायचा आणि त्यावर स्वतंत्र विजेचा पंखा बसवायचा, म्हणजे गाडी उभी असतानाही वारा मिळतो. रेडिएटर आधी आतून साफ करून घ्यायचा, एसी नंतर. छताच्या आणि पायाखालच्या पत्र्याला आतून नमदा लावायचा, कारण उघडा पत्रा तव्यासारखा तापतो. काढलेला डायनॅमो, जुनी पुली, जुना पट्टा फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवायचा. गाडी पुढच्या पिढीकडे जाईल तेव्हा ते गाठोडे तिच्याबरोबर गेले पाहिजे.

नागपूर-अमरावती रस्ता आता चौपदरी आहे, जुन्या सहा क्रमांकाचा महामार्ग आता 53 क्रमांकाने ओळखला जातो. एसी लावून गाड्या मोझरीवरून सुसाट निघून जातात. पण एखादी पांढरी अँबेसिडर अजूनही वेग कमी करून कडेला येते. मालक उतरतो, हात जाळीपाशी धरून कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे ना हे पाहतो, आणि डिकी उघडतो. डिकीत पाण्याचा डबा असतो आणि वर एक जुना फडका.