उत्तरायुष्याचा भूगोल : ग्वाल्हेर ते काशी



आपल्या गुरुजनांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी शाळेने मला दिली, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. इतिहासाचा धडा नकाशा समोर टांगल्यावाचून शिकवू नये, असे जुने शिक्षक सांगत. त्यांचा तो उपदेश मानून आज मी एक असा विषय निवडला आहे, की ज्याचा अर्धा भाग इतिहासाचा आणि अर्धा भूगोलाचा आहे. माणसे उतारवयात कोठे जातात, का जातात आणि तेथे त्यांचा सांभाळ कोणाच्या आधाराने होतो, हा तो विषय होय.

आपण ज्या भागात बसलो आहोत त्याचे नावच स्थलांतराची साक्ष देते. हिंदीत ‘दाना ओली’ असे लिहिले जाणारे हे नाव मुळात आपली ‘दाणा ओळी’ आहे. ओळ म्हणजे एकाच मालाच्या दुकानांची रांग. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या तळाचे ‘लष्कर’ हे शहर झाले आणि दक्षिणेतून आलेल्या मंडळींची भाषा येथील गल्ल्यांच्या नावांत मुरली. चिटणीसांची गोठ, ढोलीबुवांचा पूल ही नावेही त्याच काळाची वारसदार आहेत. म्हणजे आपले वाडवडील येथे आले ते चाकरीसाठी, शिलेदारीसाठी, कारकुनीसाठी, पौरोहित्यासाठी. तरुणपणी पोटामागे जाणे, हे स्थलांतराचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे.

भूगोलशास्त्रानेही दीर्घकाळ याच रूपाकडे लक्ष दिले. रॅव्हेन्स्टाइन या अभ्यासकाने १८८५ साली ब्रिटनच्या जनगणनेच्या आधारे ‘स्थलांतराचे नियम’ मांडले. बहुतेक माणसे जवळच्या अंतरावर जातात, दूर जाणारी माणसे व्यापार-उद्योगाच्या केंद्रांकडे जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात कामकरी माणूस मध्यभागी होता. काम संपलेला माणूस कोठे जातो, हा प्रश्न त्या चौकटीत फारसा बसत नव्हता. आपल्याकडेही फार निराळे घडले नाही. भारताच्या जनगणनेत स्थलांतराचे कारण विचारण्यास १८७२ पासून नव्हे, तर १९८१ पासून प्रारंभ झाला. नोकरी, शिक्षण, विवाह, कुटुंबासमवेत जाणे आणि ‘इतर’ अशी त्याची वर्गवारी होती. निवृत्त होऊन गाव सोडणारा वृद्ध या वर्गवारीत ‘कुटुंबासमवेत’ किंवा ‘इतर’ यांतच लुप्त होतो.

हा लुप्त झालेला माणूस शोधून काढण्याचे काम ज्या भूगोलवेत्त्यांनी केले, त्यांत इंग्लंडमधील ॲलन विल्यम्स यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या अभ्यासाचा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एक्झेटर विद्यापीठात असताना त्यांनी १९८४ साली पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि ग्रीस या दक्षिण युरोपीय देशांतील राजकीय व आर्थिक परिवर्तनावर ग्रंथ संपादित केला. या देशांच्या अर्थव्यवस्थेचा विचार करताना पर्यटनाचा विचार टाळणे शक्य नव्हते. म्हणून १९८८ मध्ये गॅरेथ शॉ यांच्यासह त्यांनी पर्यटन आणि आर्थिक विकास यांवरील ग्रंथ सिद्ध केला. पुढे पर्यटकांचा माग काढता काढता त्यांना असे आढळले की, सुटीत आलेल्यांपैकी काही जण पुन्हा पुन्हा येतात, एखादे घर घेतात आणि निवृत्तीनंतर तेथेच राहतात. रसेल किंग आणि अँथनी वॉर्न्स या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी इटलीतील टस्कनी, माल्टा, स्पेनचा कोस्टा देल सोल हा किनारा आणि पोर्तुगालचा अल्गार्व्ह या चार प्रदेशांत स्थायिक झालेल्या ब्रिटिश वृद्धांचा अभ्यास केला. तो २००० साली ‘सनसेट लाइव्ह्‌ज’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले असे की, प्रवास हा स्थलांतराचा पूर्वरंग असतो : आधी ओळख, मग ओढ, मग वास्तव्य. दुसरे असे की, हे वास्तव्य हवापाण्याच्या बळावर सुरू होते, परंतु ते टिकते पेन्शन, औषधोपचार, भाषा आणि शेजार यांच्या बळावर. जोडीदार गेला, हातपाय थकले, की सुखाच्या त्याच जागेत माणूस एकाकी पडतो आणि कित्येकांना परतीचा विचार करावा लागतो.

हे वाचताना मला वारंवार असे वाटले, की हा प्रकार आपल्याला नवा नाही. समुद्रकिनाऱ्याच्या जागी गंगेचा घाट ठेवा आणि मराठ्यांचा अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचा इतिहास उघडा.

थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस निघाल्या. वाटेत उदेपूर, जयपूर येथील राजांनी त्यांचा सन्मान केला. राजकारणाच्या दृष्टीने ही यात्रा पेशव्यांच्या वाढत्या प्रभावाची खूण होती. भूगोलाच्या दृष्टीने मात्र तिच्यात आणखी एक अर्थ आहे. पुण्यापासून गंगेपर्यंतची वाट राजमातेच्या मेण्यास सुरक्षित झाली, म्हणजे ती सामान्य यात्रेकरूलाही थोडी जवळची झाली. यात्रेकरूंच्या पाठोपाठ वसाहत आली. काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी वस्ती दाट झाली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर बांधले, नागपूरकर भोसल्यांनी घाट बांधला. आपल्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप उभारला आणि १८३० मध्ये शिंदे घाट बांधविला. पुढे हा घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि त्याची पुनर्बांधणी करावी लागली.

घाट, वाडे आणि अन्नछत्रे यांना आपण धर्मकृत्ये म्हणतो, आणि ती तशी आहेतच. पण त्यांच्यामुळे परमुलखात वृद्धांच्या वास्तव्याची सोय झाली, हेही तितकेच खरे आहे. वृद्धापकाळी ‘काशीवास’ करणारा, क्षेत्रसंन्यास घेऊन पुन्हा क्षेत्राबाहेर पाऊल न टाकण्याचा नेम करणारा माणूस रोज कोठे जेवत होता? उत्तर अन्नछत्रात आहे. त्याला देशाहून पैसा कसा पोहोचत होता? उत्तर सावकाराच्या हुंडीत आणि दात्याने बांधून दिलेल्या वर्षासनात आहे. त्याच्याशी त्याच्या भाषेत कोण बोलत होते? उत्तर त्या मराठी मोहल्ल्यात आहे. मोक्षाची श्रद्धा माणसाला काशीस नेत असे. तेथे त्याला जगवीत असे ती ही व्यवस्था.

यात्रा आणि पोट यांची सांगड किती घट्ट होती, हे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून कळते. १८५७ साली कोकणातील वरसईचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला, तो बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा विपुल मिळेल, या वार्तेने. घरचे कर्ज फेडावे, आणि जमल्यास गंगास्नानही घडावे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. बंडाच्या धामधुमीत तो ग्वाल्हेर, झाशी असा फिरला, लुटला गेला, आणि शेवटी द्रव्याऐवजी गंगाजलाची कावड घेऊन घरी परतला. त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. ज्या वृद्धांना गंगेपर्यंत जाणे शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत गंगा नेण्याची ही रीत होती. हा वृत्तांत त्याने १८८३ मध्ये लिहिला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यटन, अर्थार्जन आणि तीर्थयात्रा यांचे वेगवेगळे कप्पे करणाऱ्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा.

आता याच इतिहासाची दुसरी बाजू पाहू. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लक्ष रुपयांच्या पेन्शनीवर ते कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला जाऊन राहिले. त्यांचे बंधू चिमाजी अप्पा काशीत होते. त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या काशीतच जन्मली, आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून जून १८५८ मध्ये आपल्या याच ग्वाल्हेरच्या भूमीवर तिने देह ठेवला. बाजीरावांचे बिठूरचे वास्तव्य स्वेच्छेचे नव्हते; पण त्याची रचना निवृत्तांच्या वसाहतीसारखीच होती. धन्याला पेन्शन, धन्याच्या भोवती आश्रित, आश्रितांच्या भोवती बाजार. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव निवर्तले आणि कंपनी सरकारने ती पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना देण्याचे नाकारले. त्यानंतरचा इतिहास आपण नानासाहेबांच्या बाजूने वाचतो. परंतु त्या एका नकारामुळे वाड्याच्या आधारावर म्हातारे झालेल्या आचारी, पुराणिक, शागीर्द आणि विधवा यांच्या ताटातील अन्नही अनिश्चित झाले, याचा विचार पाठ्यपुस्तकात येत नाही. १८५७ च्या संग्रामात इंग्रजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला, तेव्हा उरलासुरला आधारही गेला.

स्वतः बायजाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. काशीत इतरांसाठी घाट बांधणाऱ्या या कर्तबगार स्त्रीस १८३३ मध्ये ग्वाल्हेर सोडावे लागले. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी त्यांना फतेहगडला भेटली, तेव्हा त्या छावणीत राहत होत्या. पुढे नाशिकला काही वर्षे काढून त्या उत्तरेकडे परतल्या आणि १८६३ मध्ये निवर्तल्या. उतारवयात स्वतःची जागा स्वतः निवडता येणे हे ऐश्वर्यवंतांच्याही हाती नेहमी नसते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. काशीवासी वृद्ध आणि स्पेनच्या किनाऱ्यावरील निवृत्त इंग्रज यांना एकाच तागडीत तोलणे योग्य नाही. एक मरणाची तयारी करण्यास जात असे, दुसरा उरलेले जगणे सुखाचे करण्यास जातो. सुरिंदर भारद्वाज या भूगोलवेत्त्याने १९७३ साली हिंदू तीर्थस्थानांवरील आपल्या ग्रंथात तीर्थयात्रेचा भूगोल स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे, हे दाखविले ते याचसाठी. शिवाय काशीत गेलेल्या विधवांपैकी किती जणी स्वेच्छेने गेल्या आणि किती जणींना घरानेच वाट दाखविली, हा प्रश्न श्रद्धेच्या आडोशाने झाकून ठेवता येणार नाही.

तथापि हेतू भिन्न असले, तरी आधाराचे गणित एकच आहे. कंपनीची चाकरी संपवून गेलेले इंग्रज अधिकारी चेल्टनहॅमसारख्या गावी एकमेकांच्या शेजाराने राहत, तेही हिंदुस्थानातून मिळविलेल्या पेन्शनीवर. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा स्पेन-पोर्तुगालमधील ब्रिटिश वृद्धांना रहिवास आणि औषधोपचार यांच्या हक्कांची चिंता पडली. ऊन तेच होते, समुद्र तोच होता. दूर देशी झालेल्या एका निर्णयाने पायाखालची जमीन हलली. १८५१ च्या बिठूरकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

आणि आता आपल्या घराकडे वळू. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. दरबारच्या चाकरीवर उभी राहिलेली मराठी कुटुंबे हळूहळू अन्यत्र नोकऱ्या शोधू लागली. त्यांची मुले, नातवंडे इंदूर, पुणे, मुंबई, बंगळूर आणि परदेशी गेली. मागे राहिलेले आजी-आजोबा काही काळ वाड्यात तग धरतात. मग एखादे दुखणे येते, मुलगा येऊन घेऊन जातो आणि दिंडीला कुलूप लागते. या शाळेच्या परिसरात अशी कुलपे मी पाहिली आहेत. आपणही पाहिली असतील. पूर्वीचा वृद्ध मुलांना सोडून क्षेत्री जात असे. आजचा वृद्ध आपले क्षेत्र सोडून मुलांकडे जातो. दिशा उलट झाली आहे. पूर्वी त्याला तेथे मोहल्ला मिळत असे; आज त्याला पुष्कळदा एक खोली मिळते, आणि ग्वाल्हेरी वळणाचे त्याचे मराठी ऐकून नवे शेजारी हसतात.

मुलांनी आईवडिलांना नेऊ नये, असे मी म्हणत नाही. ती त्यांची माया आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की उत्तरायुष्याची सोय ही जागेच्या पुण्याईवर किंवा एकट्या मुलाच्या मायेवर सोडून भागत नाही. आपल्या पूर्वजांनी त्यासाठी अन्नछत्रे, वर्षासने आणि ओळखीच्या भाषेचा शेजार उभा केला होता. त्या व्यवस्थेत दोष होते, ती दात्याच्या मर्जीवर चाले आणि दाता गेला की कोसळे. पण परमुलखी म्हाताऱ्या माणसाला काय लागते, हे तिला ठाऊक होते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एक लहानसे काम सुचवून मी थांबतो. आपल्या ओळीतील प्रत्येक जुन्या घरास जा. या घरातील कोण केव्हा कोठून आले, उतारवयात कोण कोठे गेले, त्यांचा खर्च कोणी चालविला आणि त्यांचे शेवटचे दिवस कसे गेले, हे वडीलधाऱ्यांस आदराने विचारा व वहीत लिहून ठेवा. जनगणनेच्या ‘इतर’ या रकान्यात हरवलेली माणसे त्या वहीत नावानिशी सापडतील. विल्यम्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी चार परदेशी प्रांतांत जे केले, ते आपण एका गल्लीत करू शकू. आणि ज्या घरास कुलूप असेल, त्याच्या शेजाऱ्याला विचारण्यास विसरू नका; किल्ली बहुधा त्याच्याकडेच असते.